वडगावच्या बाईची पिशवी

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीचे तीन आठवडे आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस झाला तो एवढाच, की पेरलेलं उगवावं आणि उगवलेलं जळून जावं. गावंच्या गावं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती, नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा जास्त माणसं. निघायच्या आधी बायका दवाखान्यात येत होत्या. गर्भाची पिशवी काढून घ्यायला.

दवाखाना खाजगी होता, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजातून एम.डी. होऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि मी तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नोकरी करत होते. दवाखाना ज्यांचा, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सर वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. अडलेली बाळंतीण आली तर भरल्या ताटावरून उठून यायचे. पण पिशवीच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "ही बाई महिन्याभरात कर्नाटकात कुठल्यातरी उसाच्या फडात असेल. तिथे तिच्या अंगावरून जायला लागलं तर कोण बघणार तिला? तू जाणार आहेस?" तेव्हा मला वाटायचं, यांना जेवढं दिसतं तेवढं मला दिसत नाही.

खरं तर मला त्यांच्यापेक्षा थोडं जास्त दिसायला हवं होतं. माझं लहानपण कडा नावाच्या गावी, साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडील सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होते. कुणाच्या रानातला ऊस कधी तुटणार याच्या याद्या ते बनवत. वसाहतीच्या भिंतीपलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्या असायच्या, पाचट आणि बांबूच्या, वाकून आत शिरावं लागेल एवढ्या. पहाटे बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मी शाळेत जाता जाता बघितल्या होत्या. पाळीच्या दिवसांत त्या काय करतात, कुठे जातात, हा प्रश्न मला वयात आल्यावरही पडला नाही. मी डॉक्टर झाले तेव्हा कारखान्याच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. वसाहतीतली पहिली डॉक्टर मुलगी म्हणून शाल आणि नारळ. समोर ऊस पिकवणारे सभासद बसले होते. ऊस तोडणारं कुणी नव्हतं. त्या दिवसांत ती माणसं आपापल्या गावी असतात.

तर त्या दुष्काळी वर्षी ती आली. युसूफ वडगावकडच्या एका वस्तीवरची होती. आमच्या दवाखान्यात बायकांना गावाच्या नावाने ओळखायची पद्धत होती, म्हणून ती आमच्या तोंडी वडगावची झाली. वय विचारलं तर म्हणाली, "चोवीस असंल." दोन लेकरं, धाकटं चार वर्षांचं. बरोबर सासू. अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते, पाळी महिन्यातून दोनदा येते, असं तिने सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

मी तिला तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाला सूज होती, जंतुसंसर्ग होता. फडात ना पाणी ना आडोसा, तिथे पाळीत दिवसभर तेच फडकं घेऊन राहणाऱ्या बाईला होतो तसा. सोनोग्राफीत काही नव्हतं. मी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, तिच्या आणि नवऱ्याच्याही.

तिने चिठ्ठी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"गोळ्या खाऊन झाल्या ताई. गेल्या साली फडात दोनदा चक्कर येऊन पडले. एक दिस बसलं की मुकादम नवरा-बायको दोघांचा खाडा लावतो, पैसं कापतो. माझ्या जावंची काढली, नणंदंची काढली. मोकळ्या झाल्या त्या. माझी बी काढा."

"तुझं वय काय, आणि काढायचं काय," मी म्हणाले. मी तेव्हा सगळ्याच बायकांना अगं-तुगं करायचे. "गोळ्या नीट घेतल्यास तर बरी होशील."

सासू म्हणाली, "चौदा दिस कोण थांबंल म्याडम? टोळी आठवड्यानं न्हाई तर पंधरवड्यानं निघती."

मी फाईल सरांकडे पाठवली. सरांनी दोघींना आत बोलावलं. मीही उभी होते. सरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडाला धरला आणि शांतपणे म्हणाले, "पिशवीला सूज आहे. आज नाही, पण पुढे कॅन्सरचं होऊ शकतं. ठरवा तुम्ही." कॅन्सर हा शब्द ऐकताच सासूने सुनेच्या दंडाला धरलं. ठरवायला दोघींना तेवढं पुरलं. तो कागद मी पाहिला होता. त्यावर काय आहे ते मला माहीत होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर पाण्याचा टँकर उभा होता आणि वॉर्डातली मावशी पाइप धरून बसली होती. सरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

तिसऱ्या दिवशी मी तिचं ऑपरेशन केलं. नळाला पाणी नव्हतं म्हणून सिस्टर पिंपातलं पाणी मगाने माझ्या हातावर ओतत होती, बेताबेताने. माझा हात चांगला होता. सर सगळ्यांना सांगायचे, हिचा हात हलका आहे, रक्त सांडत नाही. मला ते आवडायचं. लहान गावातून आलेल्या मुलीला कुणी हाताचं कौतुक केलं की ते खूप दिवस पुरतं.

पिशवी बाहेर आली. पेरूएवढी, गुलाबी, गुळगुळीत. तोंडाशी थोडी लाली तेवढी, बाकी गाठ नाही, सूज नाही, काही नाही. कॉलेजात निरोगी गर्भाशय कसं दिसतं हे शिकवायला बरणीत ठेवतात ना, तशी. मी ती हातात धरून थोडी थांबले असेन, कारण भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "काय झालं मॅडम?" मी म्हणाले, काही नाही. सर दारातून डोकावले. "बीजकोषही काढ. नाहीतर दोन वर्षांनी पोटात दुखतंय म्हणून परत येईल." मी तेही काढले, दोन्ही बाजूंचे. सिस्टरने सगळं ट्रेमध्ये घेतलं आणि नातेवाइकांना दाखवायला बाहेर नेलं. तशी पद्धत होती. सासूने पदर तोंडाला लावून बघितलं आणि मान हलवली, असं सिस्टरने नंतर सांगितलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तेव्हा वडगावची भिंतीला टेकून बसली होती. सासू चहा आणायला गेली होती. मी टाके बघितले, पोटावर हात ठेवून बघितला. निघणार तेवढ्यात तिने माझ्या कोटाचं टोक धरलं.

"ताई, तुमी बघितली का माझी पिशवी?"

"हो."

"सासूनं बघितली. मी न्हाई बघितली. कशी व्हती?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता, नंतरही कितीतरी वर्षं कुणी विचारला नाही. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. खरं सांगायला एक क्षण होता आणि तो क्षण बराच मोठा होता. शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती. सिस्टर फाईल घेऊन उभी होती.

"खराब होती," मी म्हणाले. "काढली ते बरं झालं."

तिने कोट सोडला. चेहरा सैल पडला. "मग बरं. मला वाटलं, उगंच काढली का काय."

मी तिला सहा आठवडे वजन उचलू नको म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली. टाके काढल्यावर चौथ्या दिवशी तिची टोळी निघाली आणि ती पोटाला घट्ट लुगडं गुंडाळून ट्रकमध्ये बसली, असं वॉर्डातल्या मावशीने सांगितलं. मावशी तिच्याच बाजूच्या गावची होती.

मी त्यानंतर लगेच नोकरी सोडली असती तर हे लिहायला सोपं गेलं असतं. मी तिथे आणखी एक वर्ष होते. पुढचा दसरा आला, पुन्हा बायका आल्या, मी पुन्हा ऑपरेशनं केली. मग अंबाजोगाईला जागा निघाली आणि मी सरकारी कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. घरच्यांना वाटलं, शिकवायची आवड आहे. मीही तसंच सांगत होते.

पुढची वर्षं बाहेरून बघणाऱ्याला चांगली दिसतील. मी प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. अडलेल्या बाळंतिणींसाठी रात्रंदिवस चालणारी एक व्यवस्था मी तिथे उभी केली. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज ठिकठिकाणी दवाखाने चालवतात. जिल्ह्यातल्या कर्तबगार महिला म्हणून दरवर्षी आठ मार्चला कुठे ना कुठे माझा सत्कार होतो. एका मंचावर एकदा मी होते, एक जिल्हा परिषदेच्या बाई होत्या आणि चित्रं काढणारी एक मुलगी होती. निवेदकाने माझ्याबद्दल म्हटलं, यांनी हजारो आयांना जीवदान दिलं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. त्या वेळी डोळ्यांसमोर कोण आलं ते सांगायची गरज नाही.

ती यायचीच. त्यात भुताखेतासारखं काही नव्हतं, दिवसाढवळ्या यायची. मी वर्गात बरणी हातात घेऊन गर्भाशयाचे भाग सांगत असायचे आणि मध्येच शब्द विसरायचे. मुली समजायच्या, मॅडम थकल्या. दसऱ्यानंतर केजच्या रस्त्याने ट्रक जायला लागले की मी गाडी कडेला घेऊन थांबायचे. ट्रकमध्ये चुलीचे पत्रे, शेळ्या, पोरं आणि गोधड्यांवर बसलेल्या बायका. मी एकेक चेहरा बघायचे. काय करणार होते ती दिसली असती तर, मला माहीत नव्हतं. बाजारात एखादी बाई कमरेवर हात ठेवून वाकून चालली की माझी नजर तिच्या ओटीपोटाकडे जायची. अजूनही जाते.

ओपीडीत तर मला दर आठवड्याला त्या भेटायच्या. पस्तिशीतल्या बायका, हाडं साठीच्या बाईची. पिशवी काढलेली, बीजकोष काढलेले. "कुठे केलं ऑपरेशन?" हे विचारणं भाग असायचं. त्या कुठल्या ना कुठल्या दवाखान्याचं नाव सांगायच्या आणि मी वाट बघायचे, कधी आमच्या त्या दवाखान्याचं नाव येतं त्याची. एकदा आलं. ती बाई म्हणाली, "तिथं एक पोरसवदा म्याडम व्हत्या, त्यांनीच केलं. लई मायाळू व्हत्या." केस पिकलेल्या मला तिने ओळखलं नाही. मी मान खाली घालून कॅल्शियमच्या गोळ्या लिहीत राहिले.

मग सरकारी चौकशी लागली. ऊसतोड बायकांची ऑपरेशनं विनाकारण झाली का, हे गावोगावी जाऊन बघायचं होतं. तोवर पेपरात बातम्या येऊन गेल्या होत्या. तज्ज्ञ म्हणून माझं नाव यादीत आलं. नाही म्हणता आलं असतं, पण कारण काय सांगणार. आमच्या पथकात दोन तरुण डॉक्टर होते आणि एक आरोग्यसेविका. एका सकाळी आम्ही युसूफ वडगावच्या बाजूच्या एका शाळेत पोचलो. व्हरांड्यात पन्नासेक बायका जमल्या होत्या. त्यांना ज्या बाईने जमवलं होतं ती चष्मा लावून, वही घेऊन उभी होती. त्या भागात ती बायकांचे बचत गट चालवते, आजारी बायकांना घेऊन दवाखान्यात जाते, मुकादमांशी भांडते, असं आम्हाला वाटेतच कळलं होतं.

तिनेच मला ओळखलं.

"ताई, वळखलं न्हाई का? मी वडगावची. तुमी माझं ऑपरेशन केलतं."

मी ओळखलं होतं. केस पातळ झालेले, पाठीला बाक आलेला, पण डोळे तेच. तिने माझा हात धरून मला बायकांसमोर उभं केलं.

"ह्या म्याडमनी माझी पिशवी काढली," ती बायकांना म्हणाली. "माझी खरंच खराब व्हती. ह्यांनी सोता बघितली अन मला खरं सांगितलं. तुमच्यावानी उगंच न्हाई काढली. असे डाक्टर बी असत्यात. म्हणून म्हणते, ह्यांना समदं मोकळं सांगा."

बायकांनी माझ्याकडे विश्वासाने बघितलं. आमच्यातला एक तरुण डॉक्टर अर्ज भरत होता. वडगावचीच्या अर्जावर ऑपरेशनच्या कारणापुढे त्याने लिहिलं, 'आजार'. ते मी वाचलं. दुपारपर्यंत आम्ही काम केलं, भाकरी-पिठलं खाल्लं आणि परत आलो. त्या दिवशीही मी काही बोलले नाही.

आठवडाभर मी कामाला गेले, आले. रविवारी एकटीच एसटीने गेले. ती घराच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला बघून उठायला लागली, गुडघ्याला हात देऊन. मी तिला बसवलं आणि शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलले नाही. बोलले असते तर सांगायचं ते राहूनच गेलं असतं.

"तुमची पिशवी चांगली होती," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं सांगितलं."

तिचे हात थांबले नाहीत. ती खडे वेचत राहिली. मग सूप बाजूला ठेवून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही, मी उठावं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला.

"अजून काय काढलं?"

"दोन्ही बाजूंचे बीजकोष."

"त्यानं काय व्हतं?"

"ते नसले की बाईचं शरीर लवकर म्हातारं होतं. हाडं ठिसूळ होतात. अंगाची आग होते. झोप लागत नाही."

ती म्हणाली, "माझं अंग पंचविसाव्या सालापासून भाजतंय. मी म्हणायचे, फडातलं ऊन बाधलं असंल."

"कावून सांगितलं मग तवा, खराब व्हती म्हणून?"

या प्रश्नाची उत्तरं मी कितीतरी वर्षं तयार करून ठेवली होती. सर होते. नोकरी होती. सासूलाच हवं होतं. ओट्यावर बसल्यावर त्यातलं एकही तिथे चालणारं नव्हतं.

"भ्याले," मी म्हणाले.

"अन आता कावून सांगताय?"

"तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं चांगलं बोललात. ते मला ऐकवलं नाही."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "म्हंजी तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आलात."

"हो," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

"मला एकटीला सांगून काय उपेग मग. मी तुमच्या नावानं किती जणींना सांगितलं असंल. दोघी तर माझं ऐकून काढायला गेल्या, वडगावचीची खराब निघाली, आपली बी निघंल म्हणून. मंगळवारी गटाची बैठक हाय. तिथं येऊन सांगा."

मी येते म्हणाले. तिने मला फाट्यापर्यंत पोचवलं नाही. मी पाणी प्यायले की नाही, तेही तिने बघितलं नाही.

मंगळवारी मी गेले. समाजमंदिरात चाळीसेक बायका होत्या. पुरुषांना तिने बाहेर काढलं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच, फक्त कमी शब्दांत. मला वाटलं होतं, बायका चिडतील, शिव्या देतील. मी त्याची तयारी करून गेले होते. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बाई, झालं ते झालं." मग मागून एक चाळिशी उलटलेली बाई उठली. तिने मी होते त्याच दवाखान्याचं नाव घेतलं, साल सांगितलं आणि म्हणाली, "म्याडम, मग माझी कशी व्हती?"

तिच्यामागे आणखी एक उठली. मग आणखी दोघी. त्यांतल्या एकीने तर जुनी फाईल पिशवीत घालून आणली होती, वडगावचीने आणायला सांगितली असेल. फाईलवर माझी सही होती. त्या एकेक करून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या. माझी बघितली व्हती का. माझी कशी व्हती.

मला आठवत नव्हतं. त्यांचे चेहरे आठवत नव्हते, पोटं आठवत नव्हती, काही आठवत नव्हतं. त्यांच्या शरीरात मी हात घातला होता आणि मला त्यांची काहीच आठवण नव्हती. वडगावची तेवढी आठवत होती, कारण तिने विचारलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या मनावर एक बाई आहे. त्या दुपारी कळलं की ज्यांना मी विसरले त्या सगळ्या बाकी आहेत.

"मला आठवत नाही," मी प्रत्येकीला म्हणाले. वडगावची बाजूला उभी होती. तिने मला बसायला सांगितलं नाही. सगळ्या जणींचं विचारून होईपर्यंत ती मला उभीच ठेवून होती, आणि मला वाटतं, ते बरोबर होतं.

तिचा अर्ज मी बदलून घेतला आणि माझा जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. दवाखान्यात आम्ही काय करत होतो, तेही लिहिलं. त्यावर पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. मला शिक्षा झाली नाही. सरांचा एकदा फोन आला. ते खूप थकले होते, दवाखाना मुलाकडे गेला होता. "मी कधी तुझ्या हाताला धरून करायला लावलं नाही," ते म्हणाले. मी म्हणाले, "नाही सर, लावलं नाही." फोन त्यांनीच ठेवला. कॉलेजात काही जणांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. एका सहकारी बाईंनी मात्र दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही लिहून दिलंत तेव्हा भीती वाटली का हो?" त्यांच्याकडेही असंच काही लिहून द्यायचं राहिलं आहे, हे मला कळलं. मी म्हणाले, लिहिताना नाही, नंतर.

आता दसऱ्याच्या आधी दीड महिना, दर गुरुवारी, मी फडावर जाणाऱ्या बायकांची वेगळी तपासणी ठेवते. वडगावची त्यांना जीप भरून घेऊन येते. बहुतेकींना पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, पण गोळ्या घ्यायला पंधरा दिवस हवेत, स्वच्छ पाणी हवं, आणि नवऱ्यानेही त्या घ्यायला हव्यात. ते काम डॉक्टरचं नाही, हे मला उशिरा कळलं. ते तिने हातात घेतलं. दोन वर्षांमागे तिने सत्तर जोडप्यांची सहकारी मजूर संस्था काढली. मुकादम नाही, करार थेट कारखान्याशी, आणि करारात लिहिलेलं की पाळीच्या दोन दिवसांचा खाडा लागणार नाही आणि कोप्यांजवळ पाण्याची टाकी असेल. पहिल्या वर्षी एकाही कारखान्याने त्यांना उभं केलं नाही. दुसऱ्या वर्षी एकाने केलं, तेही अर्ध्या जोडप्यांना. संस्थेची अध्यक्ष तीच आहे. नोंदणीच्या वेळी कचेरीतल्या माणसाने विचारलं होतं, शिक्षण किती. ती म्हणाली होती, "चौथी. अन बाकीचं फडात."

हे तिने मला सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. पूर्वी ताई म्हणायची, आता डाक्टर म्हणते. तिच्या हाडांची औषधं मी सुरू केली आहेत. ती वेळेवर येते, तपासून घेते, पण माझ्या हातचा चहा घेत नाही.

गेल्या गुरुवारी सगळ्या बायका तपासून झाल्यावर ती एकटी मागे थांबली. नोंदींची वही घ्यायची राहिली होती. मी धीर करून विचारलं, "माझा राग येतो का अजून?"

तिने टेबलावरची वही उचलली. "येतो. पर रोज न्हाई येत." मग वही काखेत घातली आणि म्हणाली, "पुढच्या खेपंला लोहाच्या गोळ्या जास्ती मागवून ठिवा. ह्या वेळी बारा जणींना पुरल्या न्हाईत."